पहिला ठोका

१४ सप्टेंबर

वहिनीबाईंना,

अहो-जाहो करतेय म्हणून दचकू नका. माझ्या भावाचं घर सोडून गेलेल्या बाईला ‘अगं’ म्हणायला जीभ अजून वळत नाही. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हा कागद. वाचायचा तर वाचा, नाहीतर चिमणीला त्याची होडी करून द्या.

पार्सल पोचलं असेल. चिमणीचा लोकरी टोप, दोन फ्रॉक, आणि आपल्या बस कंडक्टरने तिच्यासाठी कापून दिलेला तो छोटा पत्रा. कडा दुमडलेल्या आहेत, हाताला लागणार नाहीत. सोबत तिचा चमचाही घातलाय. बाप खुर्चीत पेंगला की ही पत्र्यावर चमचा हाणायची, बाप ताडकन उभा राहायचा आणि मग दोघं हसत सुटायची. मोठ्यांच्या भांडणात पोरीचं खेळणं कशाला अडकवून ठेवायचं, म्हणून पाठवलं.

इकडचं म्हणाल तर शनिवारी फुटबॉलची मॅच आपण जिंकलो. शेवटाकडे एक उंच चेंडू आला. माझा भाऊ आणि त्यांचा तो ताडमाड गडी एकदमच उडाले आणि डोक्यावर डोकं आपटलं. तो आवाज प्रेक्षकांच्या कठड्यापर्यंत ऐकू आला. आमचा आडवा झाला. सगळा कठडा गप्प आणि सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. मी कपडे बडवायचं धोपटणं उचललं आणि पत्र्यावर पहिला ठोका दिला. मग गोलामागचा तो अख्खा पत्रा लोकांनी असा बडवला की कानठळ्या बसल्या. आणि उठला की नाही! कपाळावरचं रक्त पुसलं, आम्हाला हात केला आणि पुढचाच चेंडू पुन्हा डोक्याने उडवला.

अठरा वर्षांचा होता तेव्हा पहिल्यांदा असा पडला होता. मी क्लबच्या धुण्याच्या खोलीतून हातातल्या धोपटण्यासकट धावत आले होते. रागाच्या भरात पत्र्यावर हाणलं आणि ओरडले, “ऊठ रे, झोपायचं तर घरी जाऊन झोप!” लोक हसले, तो उठला, आणि तीच रीत पडली. तेव्हापासून माझ्याआधी पत्र्याला कोणी बोट लावत नाही. पहिला ठोका ताईचा. आणि माझा भाऊ आजवर एकदाही पडून राहिलेला नाही.

आणि तुम्ही जाताना फाटकात उभं राहून काय म्हणालात? “ताई, एकदा तरी त्यांना पडून राहू द्या.” नवऱ्याबद्दल इतकं अभद्र बोलणारी बायको मी तरी पाहिली नाही. तुम्ही नर्स आहात, रोज पडलेली माणसं बघता, म्हणून तुम्हाला सगळं जग पेशंट दिसतं. माझा भाऊ पेशंट नाही. वय छत्तीस असलं म्हणून काय झालं?

तो बरा आहे. जेवतो, झोपतो. तुमचं नाव काढत नाही.

तुमची नाइलाजाने,
नणंद


३ ऑक्टोबर

वहिनीबाई,

तुमचं उत्तर मिळालं. एवढं पाकीट, एवढं तिकीट, आणि आत एकच ओळ: “त्यांना हल्ली माणसांची नावं आठवतात का?”

आठवतात. माझं आठवतं, चिमणीचं आठवतं, स्वतःचं आठवतं. अजून कुणाचं पाहिजे?

तुम्हाला इथली गंमत सांगते. कपडे वाळवायच्या खोलीत बॉयलरमुळे ऊब असते, म्हणून मॅच झाली की आमचे तीन दीडशहाणे तिथेच ठाण मांडतात. आपला बस कंडक्टर, ड्रायव्हिंग शिकवणारा मास्तर आणि औषधवाला. मी बुटांचा चिखल झाडत असते आणि हे उंटावरून शेळ्या हाकत असतात. हल्ली विषय एकच. अडसर अजून संघात पाहिजे का? (कठड्याने माझ्या भावाला दाराच्या अडसराचं नाव दिलं तेव्हा केवढं कौतुक होतं! आता काही जण तेच नाव वेगळ्या अर्थाने घेतात. तेही मला ऐकू येतं.)

परवा मास्तर म्हणाला, “जुनी गाडी आहे. इंजिन चांगलं असेल, पण टायर गुळगुळीत झालेत. वळायला घेतो तोवर समोरचा गोल करून घरी पोचतो.”

कंडक्टर उसळला. “त्याला वळायची गरजच काय? चेंडू वरून आला की त्याच्या डोक्याशिवाय कुठे जातो का? पाय गेले तरी डोकं शाबूत आहे त्याचं.”

औषधवाला चष्मा पुसत म्हणाला, “पळता येत नाही म्हणून प्रत्येक चेंडू डोक्याने घेतो. आधी दहातले तीन घ्यायचा, आता नऊ. माझ्याकडून डोकेदुखीच्या गोळ्या पाकिटाने नेतो.”

मी म्हटलं, “गोळ्या माझ्यासाठी नेतो तो. तुमची बडबड ऐकून माझं डोकं उठतं.” सगळे हसले. औषधवाला तेवढा हसला नाही.

त्याच्या जागेवर डोळा ठेवून एक नवा पोरगा आलाय. बावीसचा आहे, मिशी अजून धड फुटलेली नाही, लोक त्याला कोवळा म्हणतात. वेगात पळतो, हे खरं. पण नुसतं पळायचं असतं तर कुत्राही चालला असता. सरावात हा सारखा आमच्याच्या मागे मागे असतो आणि कानाशी लागून काहीतरी कुजबुजतो. कानामागून आली आणि तिखट झाली, त्यातली गत. मी त्याचे मोजे धुते, पण जोड्या लावून देत नाही.

आमचा मजेत आहे. बुधवारी किट न्यायला आला, घेऊन गेला, आणि थोड्या वेळाने परत आला, “ताई, माझं किट?” मी म्हटलं नेलंस की. हसला आणि गेला. मग पुन्हा आला. थट्टेची जुनीच खोड आहे त्याला, तुम्हाला माहीत आहे.

चिमणीला पापा.

नणंद


२४ ऑक्टोबर

वहिनी,

‘बाई’ गाळलंय. तेवढा दम आज नाही.

तुझं, तुमचं पत्र मिळालं. “त्यांना डॉक्टरकडे न्या.” पुन्हा एकच ओळ. नेते, नेते. मोसम संपू दे. आत्ता नेलं आणि बाहेर कळलं तर त्याची जागा त्याच दिवशी गेली म्हणून समज. आणि जागा गेली तर त्याच्याकडे राहिलं काय? बायको नाही, लेक नाही, शाळा अर्धवट सोडलेली. आई गेली तेव्हा तो सहावीत होता. माझ्या ओच्याला धरून याच धुण्याच्या खोलीत वाढला. त्याला खेळण्याखेरीज काही येत नाही आणि मला त्याला खेळताना बघण्याखेरीज काही सुचत नाही.

सोमवारी कोवळा आला. दारात उभा राहून म्हणाला, “ताई, बोलायचं होतं.”

मी म्हटलं, “मोज्यांबद्दल असेल तर बोलू नकोस.”

“मोज्यांबद्दल नाही. दादांबद्दल.” मान खाली घातली. “मॅच चालू असताना ते मला विचारतात, आपला गोल कुठल्या बाजूला आहे म्हणून. हाफ टाइमनंतर तर हमखास. मी सांगतो. सारखा जवळ राहतो आणि सांगत राहतो. पण पुढच्या मॅचला कोच मला पलीकडच्या टोकाला खेळवणार आहे.”

माझ्या हातात ब्रश होता. तो एकाच बुटावरून फिरवत बसले. मग म्हटलं, “हे दुसऱ्या कोणाला सांगितलंस तर तुझी तंगडी मोडून हातात देईन. त्याची जागा पाहिजे म्हणून गोष्टी रचतोस!”

“जागा पाहिजेच आहे,” तो म्हणाला. “पण अशी नको.” आणि निघून गेला. त्या दिवशी मी त्याच्या मोज्यांच्या जोड्या लावल्या.

संध्याकाळी भावाला समोर बसवलं. आधी त्याने उडवून लावलं, मग चिडला, मग लहान पोरासारखं तोंड करून म्हणाला, “ताई, चेंडू दिसतो गं. माणसं दिसतात. फक्त मैदान फिरल्यासारखं होतं.”

मग मी तोड काढली. मैदानाच्या एका अंगाला घड्याळाचा मनोरा आहे, तो आठवत असेल. त्याला सांगितलं, गोंधळलास की घड्याळाकडे तोंड कर आणि बाह्या बघ. ज्या बाहीच्या काठाला लाल धागा, त्या हाताला आपला गोल. हाफ टाइमनंतर बाजू बदलतात, म्हणून दोन जर्सी करते. पहिल्या अर्ध्याच्या जर्सीला एका बाहीवर धागा, दुसऱ्या अर्ध्याच्या जर्सीला दुसऱ्या बाहीवर. मॅच झाली की धागा उसवून टाकते, म्हणजे कोणाला संशय नको. तो हसला. म्हणाला, “शाळेत माझ्या उजव्या चपलेवर खूण करून द्यायचीस, तसं.” आणि मग म्हणाला, “हे तिला सांगू नकोस.”

सांगितलं बघ. पोटात ठेवून ठेवून पोट दुखायला लागलं. पण शनिवारी धाग्यावर खेळला आणि काय खेळला! कोणाला पत्ता लागला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडू नकोस, एवढंच मागणं आहे.

ताई


११ नोव्हेंबर

वहिनी,

पेपरात आलंय म्हणे. तुझ्या हॉस्पिटलात पेपर येत असेल. त्यात आलंय ते खरं आहे आणि त्यात नाही ते मी लिहिते.

दुसरा अर्धा सुरू झाला होता, बरोबरी होती. चेंडू वर गेला. मी बघत होते, त्याने घड्याळाकडे पाहिलं, मग बाहीकडे पाहिलं. मग उडी मारली आणि चेंडू सगळ्या ताकदीने आपल्याच गोलात मारला. गोलकीपर जागचा हललासुद्धा नाही. आणि त्यानंतर, वहिनी, त्याने दोन्ही हात वर केले. आमच्या कठड्याकडे बघून आनंदाने हात वर केले.  शेवटी कोवळ्याने पळत येऊन त्याचे हात धरून खाली घेतले.

चूक त्याची नाही. माझी आहे. जर्सीवरचा नंबर तडकू नये म्हणून आम्ही जर्सी उलटी करून धुतो आणि उलटीच वाळत घालतो. धागा मी नेहमी सुलटी करून घालायचे. त्या दिवशी कपडे वाळले नव्हते, घाई झाली, दोरीवरची उलटी जर्सी तशीच मांडीवर घेऊन धागा घातला. उलट्या कपड्यात डावी बाही उजवी होते. जन्म धुण्यात गेला माझा, आणि हे मला कळलं कधी, तर त्याने हात वर केले तेव्हा.

आता बाहेर काय चाललंय ते ऐक. मास्तर म्हणतो, “म्हातारपण समजू शकतो, हात वर करणं कसं समजायचं?” कुणीतरी म्हणालं, विकला गेला. कोण म्हणालं ते कोणीच सांगत नाही, पण आता सगळेच म्हणतात. केशकर्तनालयात म्हणतात, बसथांब्यावर म्हणतात. काल सकाळी धुण्याच्या खोलीशी आले तर दारावर त्याच्या पाच नंबरची जर्सी उलटी करून खिळ्यांनी ठोकलेली. बाह्या ताणून, दोन्हीकडे एकेक खिळा. मी काढली, भोकं रफू केली आणि कपाटात ठेवली. त्याला दाखवली नाही.

तो मात्र शांत आहे, आणि त्याचीच भीती वाटते. घरी आल्यावर म्हणाला, “जिंकलो ना आज?” मी हो म्हटलं.

येत्या रविवारी कठड्याची बैठक आहे. त्याला ठेवायचं की काढायचं, हे तिथे ठरणार. आपला क्लब वर्गणीवर चालतो, त्यामुळे कठडा जे ठरवेल त्याला कोच मान तुकवतो. औषधवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, “ताई, तुम्ही एक शब्द बोललात तर प्रश्न मिटेल. तो आजारी आहे, एवढंच सांगा.” मी म्हटलं, आजारी तुझी जीभ.

आणि आज तुझं पत्र. बैठकीचं तुला औषधवाल्यानेच कळवलं असणार. या वेळी तीन ओळी. “ताई, बैठकीत खरं सांगा. लोक चिडतील, हळहळतील, विसरतील. माझा नवरा मला परत मिळेल, जेवढा उरलाय तेवढा.”

जेवढा उरलाय म्हणजे काय गं? असं लिहवलं तरी कसं तुला?

सांगेन. खरंच सांगेन. त्याला आधी विचारते.

ताई


१८ नोव्हेंबर

वहिनी,

नाही सांगितलं.

ऐकून घे, मग पत्र फाड. धुण्याच्या खोलीत माणूस मावेना, म्हणून जिन्यातही बसले होते. आधी मास्तर बोलला. वाईट नाही बोलला, खरं सांगायचं तर. म्हणाला, “मी त्याच्यासाठी घसा फोडलाय. पण माणसाला आपण होऊन उतरता आलं पाहिजे. ब्रेक लागत नसताना गाडी चालवणं ही हिंमत नव्हे.” कंडक्टर भांडला, पण त्याच्या आवाजात पूर्वीचा जोर नव्हता. मागून कोणीतरी ओरडलं, “किती घेतले त्याने, ते विचारा!” आणि हशा पिकला.

तो हशा मला सहन झाला नाही. तोवर मी खरं बोलायचं ठरवूनच उभी होते, चिमणीची शपथ. पण ज्यांच्यासाठी त्याने अठरा वर्षं डोकं फोडून घेतलं ती माणसं हसत होती आणि तो कोपऱ्यात इस्त्रीच्या टेबलाला टेकून त्यांच्याबरोबर हसत होता. विनोद कोणावर झाला हे त्याला कळलंच नव्हतं.

मी धोपटणं टेबलावर आपटलं. म्हटलं, सूर्य डोळ्यांवर होता. त्या वेळी ऊन कुठून येतं ते जाऊन बघा. हात वर केले ते माफी मागायला. एवढंही ओळखता येत नसेल तर घरी बसून भाजी निवडा. म्हटलं, पुढची मॅच पहिल्या नंबरच्या संघाशी आहे, वरूनच चेंडू टाकणारे लोक आहेत ते. त्यांच्यासमोर या कोवळ्याला उभा करणार का? आणि म्हटलं, जो काढायच्या बाजूने असेल त्याने इथून पुढे माझ्या पत्र्याला हात लावायचा नाही.

मी बोलायला लागले की काय होतं तुला माहीत आहे. ठेवायच्या बाजूने हात वर झाले. मास्तरचासुद्धा झाला, सगळ्यात शेवटी. औषधवाल्याचा नाही झाला. कोवळा दाराशी उभा होता. माझ्याकडे असं बघत होता की मी नजर फिरवली. कोचने जाहीर केलं, अडसर खेळणार.

जिंकले मी. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. कंडक्टर रडला.

सगळे गेल्यावर मी कप गोळा करत होते. तो तिथेच बसलेला. आनंदात होता. माझ्याकडे वळून म्हणाला, “एवढी माणसं आली. आई का नाही आली गं?”

मी म्हटलं, “तिला काम होतं.”

वहिनी, मी हे काय केलं?

ताई


३ डिसेंबर

बायो माझी,

लग्न होऊन आलीस तेव्हा मी तुला याच नावाने हाक मारायचे. आज मारते. राग असेल तर असू दे, पण पत्र पूर्ण वाच. औषधवाल्याने तुला फोनवर त्याला हॉस्पिटलात ठेवल्याचं सांगितलं, हे मला माहीत आहे. बाकीचं मी सांगायला हवं.

मॅचच्या दिवशी सकाळी मी जर्सी तीन-तीनदा सुलटी करून बघितल्या. धागे बरोबर होते. कोवळा किट न्यायला आला. जर्सी हातात घेतल्या, पण जाईना. म्हणाला, “ताई, मी आज कोचच्या हातापाया पडून त्यांच्याशेजारची जागा घेतलीये. बाजू मी सांगत राहीन. पण ते पडले तर माझ्या हातात काही नाही. ते तुमच्या हातात आहे.”

मी धोपटणं घेतलं आणि कठड्यावर जाऊन उभी राहिले.

किती चेंडू त्याने डोक्याने मारले ते मोजायची माझी छाती नव्हती. प्रत्येक वेळी लोक आनंदाने ओरडायचे. पूर्वी मला फक्त ओरडा ऐकू यायचा. त्या दिवशी डोक्यावरचा प्रत्येक टोला ऐकू आला. मास्तर माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, “ताई, माझे शब्द मागे घेतो. बघा कसा उभा आहे!”

आणि मग पडला. कोणी ढकललं नाही, कोणी आपटलं नाही. साधा उंच चेंडू होता. त्याने तो मारला, पायांवर उतरला, क्षणभर उभा राहिला आणि भिजलेला कपडा दोरीवरून घसरावा तसा खाली गेला.

कठडा गप्प झाला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी धोपटणं वर उचललं.

बायो, तो उठायला बघत होता. आधीच. ठोका पडायच्या आधीच. एक हात गवतावर चाचपत होता आणि मान वर करून तो आवाज शोधत होता. आमच्याकडे नाही, पलीकडच्या टोकाला. तिकडे समोरच्या संघाची माणसं होती. तो त्यांच्याकडे तोंड करून माझ्या ठोक्याची वाट बघत होता. मला कळलं की मी वाजवलं तर हा उठणार. शुद्ध असो नसो, उठणार. मी वाजवत राहीन तोवर हा मरेपर्यंत उठत राहणार. तू फाटकात म्हणालीस ते मला त्या क्षणी ऐकू आलं. तू शाप देत नव्हतीस गं. तू माझ्याकडे भीक मागत होतीस.

मी धोपटणं खाली घेतलं. पायरीवर ठेवलं आणि त्यावर बसले.

“ताई, वाजव!” कंडक्टर ओरडला. मग सगळेच ओरडायला लागले. मास्तरने पत्र्यावर लाथ घालायला पाय उचलला होता, औषधवाल्याने त्याला कमरेला धरून मागे ओढलं. इतरांपैकी कोणी पत्र्याला हात लावला नाही. रीतच तशी. माझ्या रीतीने अठरा वर्षं त्याला उठवलं, आणि त्या दिवशी तिनेच त्याला झोपू दिलं. हळूहळू त्याची मान गवताला टेकली. कोवळा त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसला होता आणि दोन्ही हात त्याच्या कानांवर धरून होता. मग स्ट्रेचर आला.

डॉक्टर म्हणाले, डोक्यात जुन्या माराच्या खुणा आहेत, एकीवर एक. उठून आणखी एक चेंडू घेतला असता तर संपलंच होतं. जगेल म्हणाले. गेलेलं परत येईल का विचारलं तर त्यांनी तुझ्यासारखंच उत्तर दिलं, थोडक्यात. आता इथे त्याच्यापाशी बसून लिहितेय. उशाला पाण्याचं भांडं आहे, खिडकीतून पार्किंग दिसतं. डोळे उघडले की विचारतो, “ताई, पत्रा वाजला का?” मी नाही म्हणते. “मग बरोबर आहे,” म्हणतो आणि डोळे मिटतो. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

कठड्यावरून कोणी आलेलं नाही. फक्त कोवळा रोज येतो आणि काही न बोलता त्याचे पाय दाबत बसतो. धुण्याच्या खोलीच्या दारावर पुन्हा काहीतरी ठोकलंय म्हणे. या वेळी माझं धोपटणं आहे. मी काढायला गेले नाही. लोक म्हणतात, बहिणीनेच त्याला संपवला. म्हणू देत. मला खरं माहीत नसतं तर मीही म्हणाले असते.

तू ये. मला मिठी मार की कानाखाली मार, पण ये. तो तुझं नाव काढत नाही असं मी लिहिलं होतं, ते खोटं होतं. रोज काढायचा. अजूनही काढतो. बाकीची नावं गळून पडली, तरी तेवढं राहिलंय. चिमणीलाही आण, बापाला तिला डोळे भरून बघू दे.

फक्त एक कर. आज सकाळी बाहेर वॉर्डातल्या आयाबाईच्या हातून जेवणाचं ताट फरशीवर पडलं. आवाज झाला मात्र, हा पलंगावरून उतरून ताठ उभा राहिला. हातातली सलाइनची सुई निसटली, रक्त आलं, त्याला पत्ता नाही. खिडकीबाहेर कुठेतरी बघत म्हणाला, “ताई, आपला गोल कुठल्या बाजूला?” कोवळ्याने आणि मी धरून धरून त्याला खाली बसवला. बसेना. बराच वेळ बसेना.

म्हणून सांगते. चिमणीला आण, पण तिचा तो पत्रा आणू नकोस.

तुझी,
ताई